ज्याचं नाव पंडितमामा घेतो

आमच्या मानवतमध्ये एक आवाज असा आहे, की तो कानावर पडला की बायका आधी गॅस बारीक करतात. मग टीव्ही बंद होतो. मग पदर सावरत सगळ्या दारात येऊन उभ्या राहतात, आणि नाव कळेपर्यंत कुणी कुणाशी बोलत नाही. आवाज पंडितमामाचा असतो. नाव दर वेळी वेगळं.

पंडितमामा म्हणजे ऑटोवर दोन भोंगे बांधून गावात पुकारा करत फिरणारा माणूस. माझं बसस्टँडसमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. पुकाऱ्याचा मजकूर लोक माझ्याकडून टाइप करून घेतात आणि त्याच्या हातात देतात, अशी आमची जोडी. वाचतो हे आपलं म्हणायचं, पहिली ओळ त्याला वाचावी लागतच नाही. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की," एवढं म्हणून तो थांबतो. त्या थांबण्यात अख्खी गल्ली श्वास धरून राहते. मला विचाराल तर त्याची सगळी कला त्या थांबण्यात आहे, आणि सगळा सत्यानाशही त्यातच आहे.

आजची पोरं समजतात की हा माणूस सुतकी आवाज घेऊनच जन्माला आला. साफ खोटं. एके काळी साड्यांचा सेल, उरूस, पोलिओचे डोस, हरवलेली म्हैस, सगळं त्याच्याच तोंडून गावाला कळायचं. म्हशीचं वर्णन तर असं करायचा की ती सापडल्यावर लोक तिला बघायला जायचे. माइक लावला की तो नीट चालतोय का हे बघायला समोर उभ्या असलेल्या माणसाचं नाव घ्यायची त्याला खोड होती. "हॅलो, हॅलो, दत्ता केळेवाला, ऐकू येतंय का? बायकू घरी बोलवायलीय!" सगळं स्टँड हसायचं. दत्ता दोन केळी फेकून मारायचा. आमच्या गावात त्यापेक्षा मोठी करमणूक नव्हती.

मग कोरोना आला. त्या वर्षी मी दुकानाचं शटर अर्धंच उघडायची आणि खालून मजकूर सरकवायची. मयतीला जायची बंदी. पंडितमामाचा ऑटो दारावरून जायचा, तेव्हा लोक उंबऱ्यात उभे राहून हात जोडायचे, आणि तीच गेलेल्या माणसाची मयत. ऑटो पुढं गेला की दारं लागायची. एवढी नावं घेतल्यावर आवाजाचं काही होणार नाही असं कसं होईल? तो जड झाला, शेवटाकडे खाली उतरायला लागला. पुढं गाव सावरलं, पण तो आवाज तिथंच राहिला.

त्याच दिवसांतली एक गोष्ट आहे, ती सांगायला मला आवडत नाही. पंडितमामाची सून बबिता. तिचा भाऊ नागसेन पाथरीहून बहिणीला काही सामान द्यायला आला होता. उंचापुरा, हसरा पोरगा. पंडितमामा अंगणात माइक लावत होता. जुन्या खोडीनं बोलून गेला, "हॅलो, हॅलो, नागसेन, ऐकू येतंय का?" नागसेननं हात वर केला आणि हसला. पुढच्या आठवड्यात त्याच नावाचा मजकूर मी टाइप केला, आणि पंडितमामानं तो स्वतःच्या दारावरून वाचत नेला. बबिता चौकट धरून उभी होती.

कोरोनात माणसं जातच होती, नागसेनही त्यातलाच एक, हे मला कळतं, पंडितमामाला कळतं, बबितालाही कळतं. पण त्यानंतर माइक लावताना पंडितमामाच्या समोर कुणी उभं राहायला धजेना. साडीवाल्यांनी पुण्याहून कुण्या पोरीच्या गोड आवाजातलं रेकॉर्डिंग आणलं. पेन ड्राइव्ह लावला की झालं. पंडितमामाकडे उरल्या फक्त मयती.

अशात त्याला नात झाली. नाव ठेवलं सुजाता. बबिता शिकलेली. घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. नवस नाही, अंगारा नाही, भगत तर दारात उभा राहू शकत नाही. पण नाव ठेवायच्या दिवशी तिनं सासऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "मामा, मी असलं काही मानत न्हाई. तरी पण लेकराचं नाव तुमी घेऊ नका." पंडितमामा बरं म्हणाला. पंचफुलामामी, त्याची बायको, ऐकत होती. ती काही बोलली नाही, आणि ते त्याला जास्त लागलं. तेव्हापासून तो नातीला राणी म्हणायचा, छकुली म्हणायचा, ए पोरी म्हणायचा. पोर बोलायला लागली, धावायला लागली, तरी तिच्या नावानं त्यानं तिला एकदाही हाक मारली नव्हती.

एकदा दुकानात चहा पिताना म्हणाला, "ताई, परवा झरीकडून येताना रानात ऑटो उभा केला. भोंग्याचं मशीन बंद. आजूबाजूला चिटपाखरू न्हाई. म्हणलं, एकदा घेऊन तर बघावं नाव."

"मग?"

"पयलं अक्षर निघालं आन् पुढं थांबलो. तेच थांबणं, ताई. ते थांबणं आलं का पुढं कोणतं बी नाव मयताचंच लागतंय." त्यानं कप ठेवला आणि उपरण्यानं तोंड पुसलं. मला त्याच्याकडे बघवेना.

तर असं सगळं असताना नगरपालिकेची निवडणूक लागली.

महारुद्रभाऊ नावाचे आमच्याकडे एक आडतवाले आहेत. कापसाच्या व्यापारात असून लोक त्यांना शिव्या देत नाहीत, यावरून काय ते समजा. ते नगराध्यक्षपदाला अपक्ष उभे राहिले, निशाणी कपबशी. एक दिवस माझ्या दुकानात आले आणि तिथं बसलेल्या पंडितमामाला म्हणाले, "मामा, प्रचार तुमी करायचा."

पंडितमामानं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

"माह्या वडिलांचं तुमी पुकारलं, तवा सगळं गाव आलं. बाकीच्या ऑटोकडं कोण ध्यान देतंय? गाणी लावून हिंडायलेत, लोक कान बंद करून घ्यायलेत. तुमचा आवाज आला का गाव जागच्या जागी थांबतंय."

मला तोंड आवरत नाही. मी म्हणाले, "भाऊ, गाव कशासाठी थांबतं, ते तरी बघा."

महारुद्रभाऊ हसले. पंडितमामानं मात्र माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प मजकूर टाइप करायला घेतला. त्याच्या मनातलं मला भाऊ दुकानातून गेल्यावर कळलं. "ताई, ह्या माणसाचं नाव मी रोज घेतो. आन् हा माणूस गुलालात न्हाऊन निघतो. मंग बबिताच म्हणंल, मामा, घ्या नाव." लहान पोरासारखा चेहरा झाला होता त्याचा. निवडणूक महारुद्रभाऊंची होती, पण जीव पंडितमामाचा टांगणीला लागला होता.

पहिल्या दिवशी ऑटो दुकानासमोरून गेला तो मला अजून आठवतो. मी मजकूर असा झणझणीत केला होता की मेलेला माणूस उठून मत द्यायला जाईल. पंडितमामानं सुरुवातही चढ्या आवाजात केली. "आपल्या मानवतचे लाडके, नगराध्यक्षपदाचे उमेदवार," आणि थांबला. सवय ती. समोरच्या हॉटेलात चहा गाळणाऱ्याचा हात थांबला. बाकावरच्या म्हाताऱ्यानं टोपी काढली. मग भोंग्यातून नाव आलं, "महारुद्रभाऊ," आणि शेवटचं अक्षर खाली उतरत उतरत गेलं. कपबशीचं कुणी ऐकलंच नाही. म्हातारा म्हणाला, "अरे अरे."

त्याच वेळी मला पुण्याच्या एका कंपनीचं सर्वेक्षणाचं काम मिळालं होतं. हातात टॅब, आणि घरोघर जाऊन विचारायचं: हा उमेदवार माहीत आहे का, त्याच्याबद्दल मत काय, चांगलं, बरं की वाईट, आणि शेवटी मत कुणाला देणार. या शेवटच्या प्रश्नाला आमच्याकडे कुणी सरळ उत्तर देत नाही, ते मी त्यांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, त्याची काळजी करू नका. जे ठरलं नाही म्हणतील, ते ज्याच्याबद्दल चांगलं बोलतील त्याच्या पारड्यात आम्ही टाकतो. मोठी माणसं, मोठी युक्ती.

महारुद्रभाऊंबद्दल जे ऐकलं ते मी आयुष्यात कुणा उमेदवाराबद्दल ऐकलेलं नाही. घरामागून घर तेच. लय चांगला माणूस. कुणाच्या अध्यात न मध्यात. शब्दाचा पक्का. वाईट म्हणणारा एकही नाही, आणि आमच्या गावात तर देवळातल्या देवालाही नावं ठेवणारे आहेत. दत्ता केळेवाल्याचं भाऊंशी भांडण सगळ्या गावाला माहीत, पण तोही गाड्यावरची केळी सारखी करत म्हणाला, "जाऊ द्या ताई, झालं गेलं. माणूस मोठ्या मनाचा." मत कुणाला, म्हटलं की मात्र सगळे मान खाली घालायचे. बघू. ठरलं न्हाई. मी भराभर बोट टेकवत गेले.

पुण्याहून निकाल आला, महारुद्रभाऊ कितीतरी पुढं. भाऊंच्या पोरांनी फटाके उडवले. पंडितमामा पेढे घेऊन दुकानात आला. "बबिताला सांगितलं मी," म्हणाला. "कायच बोलली न्हाई. पण न्हाई बी म्हणली न्हाई."

काही दिवसांनी दुसरी फेरी होती. कडूबाई म्हणून एक म्हातारी आहे, एकटी राहते. तिनं मला दारात उभं न करता आत बोलावलं आणि पोतं अंथरलं. मी भाऊंचं नाव घेतल्यावर म्हणाली, "पोरी, त्याची लेकरं मोठी हायत का गं?"

"कुणाची?"

"महारुद्रची."

"मोठा बारावीला आहे."

"म्हंजी हाताखाली यायच्या आतच," म्हातारी म्हणाली आणि तिनं डोळ्याला पदर लावला.

मी घाबरले. "आजी, भाऊ धडधाकट आहेत. काल सभा झाली त्यांची, मी स्वतः बघितलंय."

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. माझी कीव यावी तसं बघत होती. "हो बाई. मह्या मालकाचं नाव पंडितनं घेतलं तवा मला बी असंच वाटायलं होतं. आत्ता तर जेवून गेले, म्हणलं मी."

मी टॅब बंद केला. त्या दिवशी पुढच्या घरांत मी कंपनीचे प्रश्न विचारलेच नाहीत, नुसती बोलत राहिले. कॉलेजला जाणारा एक पोरगा दारात मोबाइल बघत बसला होता. म्हणाला, "ताई, मी येडा न्हाई. भाऊ जिवंत हायत, मला माहिती हाय. पण त्यांच्याबद्दल वाईट बोलायला जीभ उचलत न्हाई."

"आणि मत?"

त्यानं मोबाइल खिशात घातला. "बटन दाबायला बी हात उचलत न्हाई. गेलेल्या माणसाला कोण मत देतंय?" मग स्वतःचंच बोलणं ऐकून तो दचकला आणि घरात निघून गेला.

मी पुण्याला फोन लावला. तिकडचा पोरगा म्हणाला, मॅडम, इतकं एकसारखं मत क्वचित मिळतं, तुमचं काम उत्तम आहे. त्याला काय सांगणार, कपाळ? मी फोन ठेवला आणि कधी नव्हे ती रस्त्यात उभी राहून रडले. रागानं की भीतीनं, ते मलाही सांगता येणार नाही.

नंतर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. भाऊंच्या कोपरा सभेला गर्दी व्हायची, पण घोषणा नाहीत. लोक यायचे, चपला बाजूला काढायचे, खाली बसायचे आणि जमिनीकडे बघत राहायचे. भाषण संपलं की न बोलता उठायचे. त्यांच्या घरी बैठकीला आलेली माणसं पाण्याला हात लावत नव्हती. आमच्याकडे मयत झालेल्या घरी चहापाणी घेत नाहीत. भाऊंची बायको प्रचाराला निघाली, तेव्हा एका गल्लीत मी तिच्याबरोबर होते. घराघरातून बायका आरतीचं ताट आणि करंडा घेऊन बाहेर येत होत्या. एकीनं कुंकवात बोट बुडवलं, वहिनींच्या कपाळाजवळ नेलं, आणि तिचा हात थांबला. तिनं बोट पदराला पुसलं आणि दुसऱ्या हातानं वहिनींच्या पाठीवरून हात फिरवला. पुढच्या दारातही तसंच झालं, त्याच्या पुढच्या दारातही. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. वहिनी परत फिरल्या. वाटेत एका मोटरसायकलच्या आरशात त्यांनी स्वतःचं कपाळ बघितलं.

मग एक दिवस भाऊच दुकानात येऊन बसले. वाळले होते. "ताई, लोक माह्याशी बोलतच न्हाईत. माह्या भावाशी बोलायलेत. माह्यासमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायलेत, खचू नका." थोडा वेळ ते स्वतःच्या तळहातांकडे बघत बसले. "रात्री मी बायकोला इचारतो, मी बोलायलो ते तुला ऐकू येतंय ना."

मी त्याच संध्याकाळी पंडितमामाचा ऑटो रस्त्यात अडवला. "मामा, बंद करा. लोकांनी त्या माणसाला मनातून पोचवून टाकलंय."

तो चिडला. त्याला चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "तुमच्याच मशीनमधी तो निवडून आलाय न्हवं? पुण्याची शिकलेली माणसं सांगायलेत. का ते बी येडे?"

"मशीनला लोकांनी श्रद्धांजली सांगितलीय, मामा. मत नाही सांगितलं."

पंडितमामाच्या हातातला माइक खाली आला. त्यालाही ते दिसत होतंच. रोज त्याच दारांवरून तर जात होता. मग म्हणाला, "आता थांबलो तर नाव अर्ध्यात सोडल्यावानी व्हईल, ताई. तो निवडून आलाच पायजे. न्हाई तर त्या लेकराला मी मरंपर्यंत ए पोरी म्हणू का?" आणि त्यानं ऑटो चालू केला. वळणापलीकडून भोंग्याचा आवाज आला. तो आता जितका आनंदी आवाज काढायला बघत होता, तितका आवाज खाली उतरत होता.

भाऊ पडले. साधे नाही, सपाटून पडले. पुण्याच्या कंपनीनं कळवलं की अंदाजात थोडाफार फरक धरलेलाच असतो. समोरच्याचा गुलाल रस्त्यावर उडत होता आणि माझ्या दुकानापुढून जाणारे लोक एकमेकांना म्हणत होते, "महारुद्र असता तर गोष्ट वेगळी होती."

पंडितमामा घराबाहेर पडेना. म्हणून एका दुपारी मीच गेले. ऑटो अंगणात उभा, भोंग्यांवर धूळ. पंचफुलामामी तांदूळ निवडत होती, बबिता पोरीची वेणी घालत होती, मामा भिंतीकडे तोंड करून बसलेला. तेवढ्यात दारात महारुद्रभाऊ. एकटेच, चालत आलेले.

पंचफुलामामीच्या हातातून सूप सुटलं.

"भिऊ नका मामी," भाऊ म्हणाले. "भांडायला न्हाई आलो. चहा पाजा. लय दिवस झाले, माह्यासमोर कुणी चहा ठिवला न्हाई, का माह्या घरी कुणी पिला न्हाई."

बबितानं चहा केला. भाऊंनी कप दोन्ही हातांत धरून चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग म्हणाले, "मामा, बघा माह्याकडं. तुमी माहं नाव किती येळा घेतलं? आन् मी हाय. हारलो, पण हाय. तुमीच तेवढे माह्या नजरंला नजर द्या." पंडितमामानं वर बघितलं. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. भाऊ उठले आणि गेले. मी दारातून बघत होते. गल्लीतले लोक भिंतीला लागून उभे राहिले आणि ते जाईपर्यंत कुणी हललं नाही.

बबिता रिकाम्या कपाकडे बघत होती. "मामा," ती म्हणाली, "तो माणूस आपल्या कपातून चहा पिऊन गेला. खरंखुरं पिऊन गेला. मी उगं भिऊ लागले होते. घ्या लेकराचं नाव."

मला वाटलं, मामा तिथंच हाक मारील. तो उठून अंगणात गेला. "नुसतं तोंडानं न्हाई," म्हणाला. "भोंग्यावर. एकदाच. गावाला बी ऐकू जाऊ द्या, ह्या आवाजात लेकराला हाक मारता येती." मी नको म्हणणार होते. बबितानं होकाराची मान डोलावली, आणि ती तिच्या लेकराची आई, मग मी कोण?

त्यानं नातीला ऑटोत शेजारी बसवलं. मशीन चालू केलं. भोंग्यात घरघर झाली. माइक तोंडाजवळ नेला आणि तो थांबला. तेच थांबणं. समोरच्या घरातला कुकर बंद झाल्याचं मला ऐकू आलं. पंडितमामाचे ओठ हलत होते, पण नाव बाहेर येईना. बबितानं डोळे गच्च मिटले होते.

आजोबा बोलत नाही बघून पोरीनं माइक ओढून घेतला. जन्मल्यापासून तिनं तो एकच पुकारा ऐकलेला. "कलविन्यास," ती म्हणाली, आणि अगदी त्याच्यासारखी थांबली. मग गल्लीतल्या म्हाताऱ्या त्याला हाक मारतात ते, तिला ठाऊक असलेलं नाव तिनं घेतलं. "पंडित." शेवटचं अक्षर तिनं खाली उतरवत उतरवत नेलं. आवाज लेकराचा होता, पण उतार सगळा त्याचा होता.

एकेक दार उघडलं. बायका पदर सावरून उंबऱ्यात आल्या. पुरुषांनी टोप्या काढल्या. पंडितमामा सगळ्यांच्या समोर ऑटोत बसलेला होता, तरी एकानंही त्याच्याकडे बघितलं नाही. मी ओरडले, "अहो, बसलेत ना ते!" लोकांनी माझ्याकडे बघितलं, म्हाताऱ्या कडूबाईनं बघितलं होतं तसंच, माझी कीव यावी तसं.

आम्ही घरात आलो. थोड्या वेळानं समोरची बायनाबाई झाकलेलं ताट घेऊन आली. ज्या घरी मयत होते तिथं चूल पेटत नाही, शेजारी पिठलंभाकरी आणून देतात. तिनं ताट उंबऱ्याच्या आत ठेवलं.

"बायनाबाई, मी हाय की," पंडितमामा म्हणाला.

"हाव बाबा," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "घरच्यायला दोन घास खाऊ घाला म्हणावं."

पंचफुलामामी हमसून रडायला लागली. बबितानं ताट उचलून बाहेर फेकायला हात पुढं केला. पंडितमामानं तिचा हात धरला आणि ताट आपल्यापुढं ओढलं. कितीतरी वर्षांनी मी त्याला हसताना बघत होते. भाकरीचा तुकडा मोडून त्यानं पिठल्यात बुडवला आणि चवीनं खाल्ला.

"बबिता, भिऊ नको," तो म्हणाला. "नाव घ्यायचं होतं ते घेऊन झालं. माहंच झालं. आता ह्या आवाजापाशी दुसऱ्या कुणासाठी काय बी उरलं न्हाई."

मग त्यानं अंगणाकडे तोंड केलं आणि न थांबता, साध्या घरातल्या आवाजात हाक मारली, "सुजाता! ये, घास घे."

पोर धावत आली. या माणसानं आपल्याला नावानं कधीच हाक मारली नव्हती हे तिच्या गावीही नव्हतं. तिनं आ केला, त्यानं घास भरवला, आणि तो पुन्हा पुन्हा तिचं नाव घेत राहिला. सुजाता, अजून एक. सुजाता, सांडू नको. बबिता भिंतीला टेकून रडत होती आणि हसतही होती. मलाही हसू येत होतं, पण दाराशी बघितलं आणि ते तिथंच राहिलं. बायनाबाई अजून गेली नव्हती. तिचा हात पंचफुलामामीच्या पाठीवर होता, आणि ती तो काढत नव्हती.